रोग खाचरात, इलाज पाटात

जपानमधल्या यामानाशी प्रांतात, फुजी पर्वताच्या उत्तरेला, कोफूचं खोरं आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधे गाळाची सपाट जमीन, कामानाशी आणि फुएफुकी या नद्या आणि त्यांच्या पाण्यावर पोसलेली भाताची खाचरं. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना शतकानुशतकं एक रोग छळत आला. खाचरात उतरलं की पायांना खाज सुटायची, पुरळ उठायचं. काही आठवड्यांनी ताप यायचा, रक्ताचे जुलाब व्हायचे. वर्षं जात तसतशी पानथरी वाढायची, यकृत आधी सुजायचं आणि मग आकसायचं, हातपाय काटकुळे व्हायचे आणि पोटात पाणी भरायचं. मुलांची वाढ खुंटायची. सोळाव्या शतकातल्या ताकेदा घराण्याच्या बखरीत पोट फुगून आजारी पडलेल्या एका सरदाराचा उल्लेख आहे आणि तो याच रोगाचा असावा असं अभ्यासक मानतात. पण सरदार अपवादच. मरणारे बहुतेक सगळे चिखलात राबणारे होते. रोगट म्हणून ओळखल्या गेलेल्या गावांत मुलगी द्यायला आईबाप कचरत. १८८१ साली कासुगाई गावच्या प्रमुखानं प्रांताच्या गव्हर्नरकडे अर्ज केला, की आमच्या गावात हे काय चाललं आहे याचा शोध घ्या. त्या अर्जानंतर ११५ वर्षांनी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, यामानाशीच्या गव्हर्नरनं रोग संपल्याचं जाहीर केलं. ही कथा सांगताना जंत कोणी शोधला, गोगलगाय कोणी शोधली, अशी नावांची माळ ओवण्याचा प्रघात आहे. मला मात्र या इतिहासातून वेगळंच दिसतं. हा रोग हटला तो त्याला शेतीच्या कामाचा आणि पाण्याच्या वाटांचा रोग म्हणून पाहिलं गेलं तेव्हा. तसं पाहायला सगळ्यांत आधी शिकले ते गावात दवाखाना थाटून बसलेले डॉक्टर.

याची सुरुवात कोफूत नाही, पश्चिम जपानमधल्या आजच्या फुकुयामा शहराजवळच्या काटायामा परिसरात झाली. तिथल्या फुजिई योशिनाओ नावाच्या वैद्यानं १८४७ मध्ये एक टिपण लिहिलं. खाचरात उतरणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांवर बारीक फोड येतात, असह्य खाज सुटते, गुराढोरांनाही तेच होतं, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकांची पोटं फुगून ती दगावतात, असं त्यात नोंदलं आहे. लाखेचा चीक वाहून नेणारी होडी इथे बुडाली आणि पाणी विषारी झालं, अशी गावात समजूत होती, तीही त्यानं टिपून ठेवली. सूक्ष्मदर्शक नाही, जंतूंची कल्पना नाही, तरी या माणसानं चार गोष्टी एका ओळीत मांडल्या: खाचरातलं पाणी, कातडीवरचं पुरळ, जनावरं आणि जलोदर. पुढच्या सत्तर वर्षांत मोठमोठ्या प्रयोगशाळांनी जे सिद्ध केलं त्याचा आराखडा या टिपणात आहे. खेडेगावचा वैद्य हे करू शकला, कारण एकाच माणसाला तो आवणीच्या दिवसांत खाजेसाठी आणि दहा वर्षांनी जलोदरासाठी तपासत होता. शहरातल्या रुग्णालयात पोहोचायचं ते फक्त फुगलेलं पोट. त्याआधीचे खाजणारे पाय तिथे कोणाला दिसत नव्हते.

कोफूच्या खोऱ्यात हेच काम योशिओका जुन्साकु या डॉक्टरनं पुढे नेलं. त्यानं आपल्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा ती नदी-नाल्यांच्या काठानं पसरलेली दिसली. त्याच्याकडे सुगियामा नाका नावाची पन्नाशी ओलांडलेली शेतकरी बाई उपचार घेत होती. १८९७ च्या मे महिन्यात तिनं स्वतःहून अर्ज करून सांगितलं की मृत्यूनंतर आपल्या देहाचं विच्छेदन करावं, म्हणजे या रोगाचं कारण सापडेल आणि गावातल्या इतरांचे जीव वाचतील. त्या काळी खेड्यात देह चिरू देण्याची कल्पनाही भयंकर होती. एका अडाणी समजल्या गेलेल्या बाईनं ती ओलांडली, याचं मोल कुठल्याही शोधनिबंधापेक्षा कमी मानू नये. जूनमध्ये ती गेली आणि गावातल्या देवळाच्या आवारात, प्रांतातल्या डॉक्टरांच्या समक्ष, तिचं विच्छेदन झालं. यकृतात असंख्य अंडी सापडली. ती कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रोग हवेतला नाही, पिढीजात शाप नाही, एका सजीवाचं काम आहे, एवढं पक्कं झालं. रोग्याचा आपल्या डॉक्टरवर इतका विश्वास नसता तर हे पाऊल पडलंच नसतं, आणि तो विश्वास नाका बाईंच्या अंथरुणाशी वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसानंच कमावला होता.

अंडी कोणाची, या प्रश्नावर ओकामादा गावच्या मिकामी साबुरो या डॉक्टरनं ठाण मांडलं. रुग्णांची विष्ठा तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासत राहिला आणि तोवर माहीत असलेल्या कुठल्याही जंताच्या अंड्यांशी न जुळणारी अंडी त्याला दिसली. ओकायामाच्या वैद्यकीय विद्यालयातले प्राध्यापक कात्सुरादा फुजिरो त्याच्याकडे आले. माणसाचा देह मिळणं कठीण म्हणून मिकामींच्या घरचं मांजर तपासायचं ठरलं, कारण गावातली मांजरं-कुत्रीही तशीच खंगून मरत होती. १९०४ मध्ये त्या मांजराच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत जंत सापडला. त्याच वर्षी क्योतोच्या फुजिनामी अकिरा यांना काटायामातल्या एका माणसाच्या देहात तोच जंत मिळाला. आज त्याला शिस्टोसोमा जापोनिकम म्हणतात. एक-दोन सेंटिमीटर लांबीचा हा चपटा जंत आतड्याच्या आणि यकृताच्या शिरांमध्ये जोडीनं राहतो. नराच्या अंगाला लांबट खोबण असते, तिच्यात बारीक मादी कायम विसावलेली असते आणि ती अंडी घालत राहते. खरं नुकसान जंत करत नाहीत, अंडी करतात. त्यांतली काही आतड्याची भिंत फोडून विष्ठेबरोबर बाहेर पडतात. उरलेली यकृतात अडकतात, शरीर त्यांच्याभोवती गाठी धरतं, यकृतातून रक्त वाहणं अवघड होतं, शिरांवरचा दाब वाढतो, आणि मग पानथरी, रक्ताच्या उलट्या, जलोदर.

जंत सापडल्यावर प्रश्न आला की तो शरीरात शिरतो कुठून. इथे विद्वानांचं मत जवळजवळ एकमुखी होतं: पिण्याच्या पाण्यातून, तोंडावाटे. पटकी आणि विषमज्वर पाण्यातून पसरतात हे नुकतंच ठसलं होतं, त्यामुळे हा कौल स्वाभाविक होता. त्यात एक सोयही होती. तोंडावाटे शिरत असेल तर पाणी उकळून प्या म्हणून सांगता येतं. कातडीतून शिरत असेल तर भातशेतकऱ्याला काय सांगणार? खाचरात उतरू नको म्हणून? पाणी उकळण्याचा प्रचार झाला, तरी उकळलेलं पाणी पिणारी माणसंही आजारी पडत राहिली. आवणीच्या वेळच्या खाजेचा या रोगाशी संबंध आहे, असं शेतकरी किती काळ सांगत होते, आणि फुजिई योशिनाओच्या टिपणातही तेच होतं. शेवटी १९०९ मध्ये काटायामात फुजिनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांवर प्रयोग केला. काही गुरांना मुसकी बांधून, म्हणजे तोंडात पाणी जाणार नाही अशी खबरदारी घेऊन, रोगट पाण्यात उभं केलं. काहींचे पाय झाकून तेच पाणी-चारा तोंडानं खाऊ दिलं. मुसकी बांधलेली गुरं रोगानं भरली आणि पाय झाकलेली बचावली. शेतकऱ्यांची खाज खरी ठरली. पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या काही मिनिटांत धड कातडीतून आत शिरतात, त्यांना जखम लागत नाही. मला या प्रयोगात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की त्यानं दोष रोग्याच्या सवयींवरून काढून त्याच्या कामावर ठेवला. अस्वच्छ पाणी पिणारा माणूस सुधारता येतो. जगण्यासाठी पाण्यात उभं राहावं लागणाऱ्या माणसाचं पाणीच सुधारावं लागतं.

पाणी सुधारायचं म्हणजे काय करायचं, हे १९१३ मध्ये कळलं. क्यूशू विद्यापीठाचे मियाइरी केइनोसुके आणि त्यांचे सहायक सुझुकी यांनी सागा प्रांतातल्या तोसूजवळच्या पाटांमध्ये जेमतेम सात-आठ मिलिमीटर उंचीची एक गोगलगाय शोधली. जंताच्या अंड्यांतून निघणारी अळी तिच्यात शिरते, तिथे तिची संख्या अफाट वाढते आणि मग माणसाच्या कातडीत शिरणाऱ्या अळ्या पाण्यात सुटतात. या शोधाचा परिणाम जपानपुरता राहिला नाही. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमध्ये तिथल्या शिस्टोसोमांच्या गोगलगायी ओळखल्या, त्याला या जपानी कामाचा मोठा आधार होता. आता साखळी पूर्ण दिसत होती: माणसाची किंवा गुराची विष्ठा, पाटाचं पाणी, गोगलगाय, पुन्हा माणसाची कातडी. जपानी शेती तेव्हा सोनखतावर चालत होती, म्हणजे शेतकरी आपल्या घरातली जंताची अंडी स्वतःच्या हातानं आपल्या खाचरात पसरत होता. त्याला दोष देता येत नाही. खताला दुसरा पर्याय त्याच्याकडे नव्हता.

यानंतरची कहाणी शोधाची नाही, चिकाटीची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं हे मला अन्यायाचं वाटतं. १९१७ मध्ये यामानाशी प्रांतानं मुलांसाठी या रोगावर रंगीत चित्रांची पुस्तिका काढली. बायका-मुलं पाटाच्या काठानं चॉपस्टिकनं गोगलगायी वेचू लागली. चुना टाकला गेला, काठचं गवत जाळलं गेलं. निशिजो गावचे डॉक्टर सुगिउरा केन्झो यांनी गोगलगायी खाणारी बदकं आणि काजव्यांच्या अळ्या पाळून पाहिल्या, पदरचे पैसे घातले. त्यांचा मुलगा साबुरो हाही डॉक्टर. त्यानं रोगाशी लढण्याचा हा वारसा पुढे चालवला. रुग्णांना तेव्हा अँटिमनीची इंजेक्शनं द्यायचे. ती दीर्घकाळ घ्यावी लागत, वेदना देत, आणि औषध स्वतःच विषारी होतं. बरा झालेला माणूस पुढच्या हंगामात त्याच पाटात उतरायचा आणि पुन्हा आजारी पडायचा. दवाखान्याच्या दारातून हे चक्र तुटणार नाही, हे बापलेकांना रोजच्या अनुभवानं दिसत होतं. निर्णायक उपाय दिसायला अगदी साधा होता. ही गोगलगाय पाण्यात खोल राहत नाही, काठच्या ओल्या चिखलात आणि गवतात राहते. पाटाला सिमेंटकाँक्रीटचा गुळगुळीत तळ आणि उभे काठ दिले की पाणी वेगानं वाहतं, चिखल उरत नाही, गवत उगवत नाही आणि गोगलगायीला बूड टेकायला जागा राहत नाही. कोफूच्या खोऱ्यात दशकानुदशकं चाललेल्या कामात असे दोन हजार किलोमीटरांहून जास्त लांबीचे पाट बांधले गेले. १९७८ नंतर खोऱ्यात नवा रोगी सापडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. जंत शोधला प्राध्यापकांनी, गोगलगायही प्राध्यापकांनीच, मग गावच्या डॉक्टरांना एवढं श्रेय का? प्रश्न रास्त आहे आणि प्रयोगशाळेशिवाय ही साखळी जुळली नसती, हे मान्यच करायला हवं. मिकामींना अंडी दिसली, पण जंताला शास्त्रीय ओळख देणं त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तरीही कोफूतल्या जंताच्या शोधाच्या आधी गावच्या डॉक्टरांनी जमवलेलं साहित्य उभं आहे, हे विसरता येत नाही. विच्छेदनासाठीचा देह योशिओकाच्या रुग्णाचा, मांजर मिकामींच्या घरचं. पण त्यांचं मोठं देणं साहित्याच्या पलीकडचं आहे, प्रश्न नीट विचारण्याचं आहे. प्राध्यापक पुस्तकातल्या पटकीवरून या रोगाकडे बघत होते आणि तोंडावाटे प्रवेशाच्या मताला चिकटून राहिले. खाचराच्या बांधावरून बघणाऱ्याला खाज आणि जलोदर एकाच गोष्टीची दोन टोकं दिसत होती. प्रयोगशाळेनं शेवटी बांधावरच्या माणसाला खरं ठरवलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही जण म्हणतात की रोग संपवला तो जपानच्या समृद्धीनं. युद्धानंतर रासायनिक खतं आली आणि सोनखत मागे पडलं, बैलांच्या जागी यंत्रं आली, आणि कोफूच्या खोऱ्यात भाताऐवजी पीच आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. आज यामानाशी जपानमधला या दोन्ही फळांचा अग्रेसर प्रांत आहे. बागेत गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागत नाही. या सगळ्याचा वाटा फार मोठा आहे, यात शंका नाही. पण समृद्धी आपोआप रोग हटवते, हे इतिहास सांगत नाही. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये दियामा धरण झालं, उसाला वर्षभर पाणी मिळू लागलं आणि दोनच वर्षांत रिशार तोल या गावात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसची, म्हणजे याच जातकुळीच्या जंताच्या रोगाची, मोठी साथ उद्भवली. इजिप्तमध्येही नाईलच्या हंगामी पुराच्या जागी बारमाही कालवे आल्यावर हा रोग फोफावला. शेती सुधारली आणि रोग वाढला, असंही घडतं. कोणतं पीक, कसला कालवा, कुठलं खत, याचा विचार करताना कोणीतरी रोगाचा हिशेब मांडत असेल, तरच विकास उपकारक ठरतो. कोफूत तो हिशेब मांडणारी माणसं पन्नास वर्षं आधीपासून तयार होती. पाटाला काँक्रीट बांधताना सिंचनाचा फायदा आणि गोगलगायीचा नायनाट एकाच आराखड्यात बसवले गेले, ते त्यांच्यामुळे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता प्राझिक्वांटेल नावाची गोळी आहे, स्वस्त आहे, एका मात्रेत बहुतेक जंत मारते. मग पाट बांधण्याचा एवढा खटाटोप कशाला? गोळी घ्यावीच, ती नाकारणं क्रूरपणा ठरेल. पण गोळी पुन्हा होणारी लागण थांबवत नाही, आणि केवळ औषधावर भिस्त ठेवली की काय होऊ शकतं याचं कठोर उदाहरण इजिप्तनंच दिलं. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशकं अँटिमनीच्या इंजेक्शनांची प्रचंड मोहीम चालली. सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपटायटिस सी देशभर पसरला. याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्या घरचं आहे. नारू या जंताच्या रोगावर ना औषध होतं ना लस. महाराष्ट्रासह ज्या राज्यांत तो होता तिथे पायऱ्यांच्या विहिरी बदलून कठड्याच्या केल्या, पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं, विहिरींत रसायन टाकून जंत वाहून नेणारे सूक्ष्म जीव मारले. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. जंताचा मार्ग पाण्यातून जात असेल तर पाण्यावर केलेलं काम गोळीपेक्षा टिकाऊ ठरतं. शिस्टोसोमाही आपल्याला अगदी परका नाही. कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारीमागे शिस्टोसोमा दाखवून दिला. फेरिसिया टेन्युइस ही तिथल्या पाण्यातली चिमुकली गोगलगाय त्याची वाहक मानली गेली. भारतात असा रोग नाहीच, असं मानलं जात असताना एका गावच्या तक्रारीला गांभीर्यानं घेतलं गेलं म्हणून हे उघड झालं. ती तक्रार कोणी ऐकून घेतली नसती तर लालसर लघवी म्हणजे मुतखडा, उन्हाचा त्रास, असं म्हणून लोक मोकळे झाले असते.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सोपं वाटत नाही. कोफूनं या विजयाची किंमत निसर्गाच्या खात्यातून दिली. युद्धानंतर गोगलगायींवर पेंटाक्लोरोफिनॉलचा क्षार फवारला गेला, त्यानं मासे मेले आणि ती फवारणी थांबवावी लागली. काँक्रीटच्या पाटांतून काजवे, मासे आणि काठचं सगळं जग हद्दपार झालं. सुगिउरांनी ज्या काजव्यांच्या अळ्या मदतीला घेतल्या होत्या, त्यांनाच पाट उरले नाहीत. हे नुकसान खरं आहे आणि त्याला नुसतं अटळ म्हणून बाजूला सारू नये. पण त्या काळच्या निवडी काय होत्या, हेही पाहावं. विषारी फवारा, हातानं वेचणं, पुन्हा पुन्हा होणारी लागण, आणि या सगळ्यांच्या मधे फुगलेल्या पोटाची मुलं. काँक्रीट हा त्यांतला सर्वांत कमी विषारी पर्याय होता. आज काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या देशाला विष्ठेवर योग्य प्रक्रिया, गुरांची लागण रोखणं, गोळ्या आणि थोडंच निवडक बांधकाम, अशी मांडणी करता येईल. कोफूच्या वायव्येला काही ओलसर जागांत ही गोगलगाय अजून जिवंत आहे. तिच्यात जंत नाही, कारण मैला आता पाटात जात नाही आणि संसर्ग झालेलं गूर किंवा माणूस खोऱ्यात उरलेलं नाही. बाहेरून संसर्ग आला आणि सांडपाण्याची व्यवस्था ढिली पडली तर चक्र पुन्हा फिरू शकतं, म्हणून या गोगलगायींवर लक्ष ठेवणं आजही गरजेचं आहे.